हमालाचं ओझं

मुखपृष्ठावर फोटो आला असता तर डॉक्टरांच्या पदरात काय पडलं असतं, ते आधीच मांडून ठेवलेलं बरं. वीतभर रुंदीची एक पुस्तिका, तिच्यावर त्यांनी काढलेलं एक चित्र, आणि आतल्या पानावर तळाशी त्यांचं नाव, तेही इतक्या बारीक अक्षरात की वाचायला त्यांचंच भिंग लागावं. वर दोन प्रती फुकट. एवढ्यासाठी कुणी शहाणा माणूस दोन महिने रोज सकाळी ओल्या मातीत पोटावर झोपत नाही. खरी मिळकत निराळी होती आणि ती घरात सगळ्यांना पाठ होती. पुस्तिका व्याह्यांच्या हातात पडेल, ते मुखपृष्ठ बघतील, आणि तेव्हा त्यांचं तोंड कसं होतं ते समोरच्या खुर्चीत बसून बघायला मिळेल.

डॉक्टर म्हणजे दातांचे. अडतीस वर्षं लोकांच्या तोंडात डोकावून झाल्यावर मागच्या वर्षी त्यांनी दवाखाना सुनेच्या हवाली केला. तीही दातांचीच डॉक्टर. खुर्ची दिली, दिवा दिला, पेशंटच्या फायली दिल्या. स्वतःबरोबर घरी आणल्या फक्त तीन वस्तू: दाढांचे फोटो काढायचा कॅमेरा, ज्याच्या भिंगाभोवती बांगडीसारखा फ्लॅश असतो, हवा मारायचा रबरी फुगा, आणि दातांवरचं कीटण खरवडायची बारीक आकडी. पहिल्या आठवड्यात घरात उगाच येरझाऱ्या घातल्या. दुसऱ्या आठवड्यात खिडकीवर बसलेल्या माशीचा फोटो काढला, संगणकावर मोठा केला आणि बायकोला हाक मारली.

"अगं, हिच्या डोळ्यांकडे बघ. मधाचं पोळं आहे नुसतं!"

"बघितलं. आता तिला हाकला, पोळ्या झाकायच्यात."

पण त्यांना वाट सापडली होती. दाढेचा मागचा कोपरा टिपणाऱ्या माणसाला मुंगीची मिशी ती काय अवघड? आत्मविश्वासाची त्यांच्याकडे कधी टंचाई नव्हती. दवाखान्यात रडत आलेला माणूस हसत परत जायचा, भले बधिर झालेल्या अर्ध्याच तोंडाने का होईना.

काम मात्र चिवट निघालं. एवढ्या जवळून फोटो काढायचा तर केसाएवढीच पट्टी स्पष्ट येते. डोळा नीट आला तर मिशी धूसर, मिशी धरावी तर डोळा गेला. म्हणून श्वास कोंडून केसभर पुढे, पुन्हा केसभर पुढे, असे तीस-चाळीस फोटो घ्यायचे आणि मग संगणकावर एकावर एक बसवून त्यांचा एक करायचा. तोवर किडा जागचा हलता कामा नये. किड्याला काही हे कुणी सांगितलेलं नसतं. डॉक्टर मात्र सवयीने सांगत. पानाला नाक लावून हळू आवाजात म्हणत, "जरा हलू नका हं. झालंच." कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याने पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा तो मुलांना घेऊन आत गेला.

बाग होती बायकोची. वाफे तिचे, कुंड्या तिच्या, आणि कोवळ्या शेंड्यांना चिकटून रस पिणाऱ्या हिरव्या माव्याशी वैरही तिचंच. ती नळी घेऊन मावा धुवायला निघाली की डॉक्टर आडवे पडत. अक्षरशः.

"अगं, कालच त्यांना पिल्लं झालीत!"

"मग बारसं करू का? गुलाब मरतोय माझा."

शेवटी तह झाला. कोपऱ्यातला पांढरा गुलाब डॉक्टरांचा, त्यावर काय वाट्टेल ते वाढवावं. बाकीच्या बागेत त्यांनी फक्त बघायचं. बायकोने सहा झाडं वाचवली आणि एक सोडलं. अशा सौद्यात ती कधी खोटीत जात नसे.

आता व्याही. सुनेचे वडील. जमीनमोजणीतून निवृत्त झालेले, आणि पक्ष्यांचे फोटो काढणारे. त्यांच्या कॅमेऱ्याची नळी पावसाळी पन्हाळीएवढी. गाडीत तिला वेगळी सीट लागे. दर रविवारी लेकीला भेटायला म्हणून येत आणि चहा होईपर्यंत डॉक्टरांना खिजवत.

"काय डॉक्टर, या आठवड्यात किती झुरळं?"

"झुरळ नाही, भुंगा. पाठीवर सोनेरी नक्षी आहे, बघायची असेल तर."

"बघू की. आमच्या पक्ष्याने परवा असलाच एक नाश्त्याला घेतला. तुमचा हिरो आमच्याकडे तोंडी लावायला असतो!"

"पप्पा, पुरे," सून म्हणायची. पण हसायची वडिलांच्याच बाजूने. हे डॉक्टरांनी टिपून ठेवलं होतं.

आणि त्यातच ती पुस्तिका आली. गावातल्या बागवाल्यांच्या मंडळाने 'बागेतले शेजारी' नावाची पुस्तिका काढायचं ठरवलं: आपल्या बागेत येणारे पक्षी आणि किडे, त्यांची चित्रं, चार ओळी माहिती. काम सोपवलं किडेबाईंवर. बाई कॉलेजात जन्मभर किडेच शिकवत आल्या होत्या आणि हे नाव त्यांना विद्यार्थ्यांनी दिलेलं होतं. त्या स्वतःही फोनवर "मी किडेबाई बोलतेय" असंच म्हणत. आतल्या पानांत सगळ्यांना जागा होती. मुखपृष्ठ मात्र एक. व्याह्यांनी त्यासाठी एक पक्षी दिला होता, कुंपणाच्या तारेवर बसून ओले पंख झटकणारा, थेंब न् थेंब मोजून घ्यावा असा. बाईंना तो आवडला होता. "याहून बरं काही आलं नाही तर हाच," असं त्या म्हणाल्या होत्या, आणि व्याह्यांनी त्यातला पहिला अर्धा भाग कुणालाही सांगितला नव्हता.

बाईंचा नियम एकच होता. फोटोसोबत द्यायच्या अर्जावर तो वरच छापला होता: प्राणी जिथे सापडला तिथेच, जसा सापडला तसाच, त्याला हात लावायचा नाही, काही घालायचं नाही, काही काढायचं नाही. डॉक्टरांनी खाली सही केली होती. पेशंटकडून त्यांनी जन्मभर असल्या कागदांवर सह्या घेतल्या होत्या आणि एकाही पेशंटने तो कागद वाचलेला त्यांनी पाहिला नव्हता.

शेवटच्या शनिवारी संध्याकाळी बायको पांढऱ्या गुलाबापाशी थबकली. "अहो, इकडे या. कचऱ्याचा ढीग चालतोय."

खरंच चालत होता. ज्वारीच्या दाण्याएवढा ढीग: कसलीशी वाळकी टरफलं, धागे, धूळ, आणि खाली सहा पाय. मावा बसलेल्या शेंड्यावर तो गेला, थांबला, आणि एक मावा ढिगाखाली नाहीसा झाला. मुंग्या शेजारून जात होत्या, ढिगाला मिशा लावत होत्या आणि पुढे निघून जात होत्या.

"हमाल आहे हा," बायको म्हणाली. "बघा ना, केवढं ओझं."

डॉक्टरांनी बाईंना फोन लावला. बाई एरवी मोजकं बोलत, पण या वेळी त्यांचा आवाज चढला. "ओझं वाहणारी अळी? तुमच्या बागेत? चांगला फोटो मिळाला तर मुखपृष्ठ तुमचं. उद्या अकराला मी येते. संध्याकाळी सगळं छापखान्यात जाणार आहे." आणि फोन ठेवला.

रविवारी उजाडता उजाडता डॉक्टर गुलाबाखाली आडवे झाले. हमाल जागेवर होता, मावा चोखत बसलेला, म्हणजे हलणार नव्हता. पहिल्या फोटोत दिसला तो कचरा. दुसऱ्यातही कचरा, म्हणून दोन्ही पुसून टाकले. चेहरा कुठे आहे ते कळेना. आणि इथे अडतीस वर्षांचा हात आपोआप खिशात गेला. कीटण चढलेल्या दाताचा फोटो कुणी सजवून लावतं का? आधी साफ करायचं, कोरडं करायचं, मग फोटो. हे त्यांनी दवाखान्यात येणाऱ्या शिकाऊ मुलांना शिकवलं होतं, सुनेला शिकवलं होतं. आता हातांना वेगळं सांगायची गरज उरली नव्हती.

बायको दुधाच्या पिशव्या घेऊन आत चालली होती. "अहो, ते काय करताय?"

"साफसफाई."

"राहू दे ना ते त्याचं. कशाला तरी लागत असेल म्हणून घेतलंय ना त्याने अंगावर?"

"कीटणसुद्धा लोकांना स्वतःचंच वाटतं. काढल्यावर हलकं वाटतं."

"आधीचा फोटो तरी नीट काढलात का? पेशंटचा काढायचात की."

"तो पेशंटला दाखवायला असायचा. हा काय आरशात बघणार आहे?"

आकडीच्या टोकाने त्यांनी एकेक टरफल उचललं. हात असा की हमालाने चोखणं सोडलं नाही. मग फुग्याने दोन फुंकर मारून पाठ स्वच्छ केली, आणि मागे घाण दिसू नये म्हणून आख्खी फांदीही फुंकून काढली. टरफलं खाली उडाली. आत निघाला एक फिकट, मऊ, करकरीत नवा जीव. पाठीवर बारीक केस, आणि पुढे विळ्यासारखे दोन जबडे. डॉक्टरांनी श्वास कोंडला तो आनंदाने. असली ठेवण त्यांनी अडतीस वर्षांत पाहिली नव्हती. बेचाळीस फोटो घेतले. दहा वाजेपर्यंत संगणकावर त्यांचा एक झाला, आणि तो खरोखरच असा होता की सुनेने आपल्या वडिलांदेखत तोंडावर हात ठेवला.

व्याही आलेलेच होते. त्यांनी फोटो पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला. "चांगलाय," ते म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून निघताना डॉक्टरांना तो दाढ उपटल्यासारखा ऐकू आला, आणि ते खुर्चीत मागे रेलले.

अकराला बाई आल्या. उभ्या उभ्याच संगणकापुढे वाकल्या. चष्मा वर सरकवून जबड्यांपाशी थांबल्या. मग म्हणाल्या, "इतका स्वच्छ फोटो या अळीचा मी कुठे पाहिलेला नाही. जबडे तर... डॉक्टर, कमाल केलीत."

डॉक्टरांनी व्याह्यांकडे नजर टाकली. एवढंच.

"आणि ओझं?" बाईंनी विचारलं.

"काढलं."

"त्याने?"

"मी. साफ केलं सगळं. फांदीसुद्धा."

बाई खुर्चीत बसल्या. रागावल्या नाहीत. वर्गात एखादा हुशार मुलगा चुकला की शिक्षक समजावतात तसं त्यांनी सांगितलं. ती टरफलं म्हणजे याने खाल्लेल्या माव्याची. जाळीदार पंखांचा तो हिरवा, नाजूक किडा असतो ना, त्याची ही अळी. मावा गोड रस सोडतो, तो रस मुंग्यांना हवा असतो, म्हणून मुंग्या माव्याची राखण करतात. माव्याला हात लावणाऱ्याला त्या चावतात. पण हा आपल्या शिकारीची टरफलं पाठीच्या केसांत अडकवून हिंडतो, आणि मुंग्यांना वाटतं, कचरा आहे.

"म्हणजे तो त्याचा..." सुनेने वाक्य अर्धंच सोडलं.

"जीव आहे तो त्याचा," बाई म्हणाल्या. "हा फोटो मला घेता येणार नाही, डॉक्टर. पण एक वाट आहे. अळी अजून जिवंत असेल तर ती स्वतःहून पुन्हा ओझं चढवेल. पाचपर्यंत तसा फोटो मिळाला तर मी तो धरेन. फक्त आता हात लावायचा नाही. काही द्यायचं नाही, काही हटवायचं नाही."

"मुळीच नाही," डॉक्टर म्हणाले, आणि कॅमेरा घेऊन उठले. अजून खेळ त्यांच्या हातात होता. माणसाला एकदा चुकायचा हक्क असतोच.

पाची जणं गुलाबाभोवती वाकून उभी राहिली. हमाल सापडला तो पानाच्या बेचक्यात, डोकं आत खुपसून. फांदी डॉक्टरांनी केली तशीच लख्ख होती. पांघरायला एक टरफल शिल्लक नव्हतं. जी होती ती खालच्या पानावर पडलेली, आणि मधल्या दांड्यावरून मुंग्यांची ये-जा चालू होती.

डॉक्टर आडवे झाले, भिंग जवळ नेलं. हमाल बाहेर आला. डावीकडे चाचपलं, उजवीकडे चाचपलं. मग खालच्या टरफलांच्या दिशेने निघाला.

"हुशार आहे," व्याही पुटपुटले. खिजवायचं ते विसरले होते.

पहिली मुंगी आली, मिशा लावल्या, आणि या वेळी पुढे गेली नाही. दुसरी आली. हमालाने जबडे उगारले. तिसरीने मागून पाय धरला.

"बाई, हे असं होतं?" बायकोने विचारलं.

"होतं. कधी सुटतो, कधी नाही."

डॉक्टरांच्या कॅमेऱ्यात सगळं एरवीपेक्षा मोठं दिसत होतं. मुंगीचा चिमटा दिसत होता. ताणलेला पाय दिसत होता. नुसतं थांबायचं होतं. सुटला असता तर टरफलांपाशी पोचला असता, दुपारपर्यंत ओझं चढलं असतं, आणि मुखपृष्ठ घरात आलं असतं. नसता सुटला, तरी कुणी डॉक्टरांना बोल लावणार नव्हतं. असं होतंच, बाई म्हणाल्याच होत्या.

"हे धर," ते म्हणाले आणि कॅमेरा बायकोच्या हातात दिला.

"डॉक्टर," बाई हळूच म्हणाल्या, "मग फोटो नाही हं."

"माहितेय. पण हा असा उघडा माझ्यामुळे पडलाय. अर्धवट काम करून पेशंटला रस्त्यावर काढलेलं नाही मी कधी." एव्हाना आकडी हातात आली होती. "जरा सहन करा हं," ते हमालाला म्हणाले. "झालंच."

एक मुंगी उचलली. दुसरी उचलली. तिसरी सुटेना, सुटली तेव्हा पाय तिच्याकडे राहिला. डॉक्टरांनी दांड्याला बोट आडवं लावून धरलं. मुंग्या बोटावर चढल्या आणि चावू लागल्या. त्यांनी बोट हलवलं नाही. पेशंटने चावलेलं त्यांना नवीन नव्हतं.

"सूनबाई, कापूस! दवाखान्याच्या बॅगेतला. पळ!"

तिने बोळा आणला. त्यांनी आकडीने त्यातला डोळ्याला जेमतेम दिसेल एवढा धागा काढून हमालापुढे ठेवला. हमाल तसाच बसून राहिला. व्याही गुडघ्यांवर बसले. विजारीचा विचार केला नाही. मग हमालाने जबड्यांत धागा धरला, मान पार मागे वळवली आणि तो पाठीवर नेऊन दाबला. दुसरा धागा. तिसरा. मान मागे, दाब, पुन्हा पुढे. अर्ध्या तासात गुलाबावर कापसाचा एक पांढरा गोळा चालायला लागला. मुंगी आली, मिशा लावल्या, आणि निघून गेली.

"अहो, काढा ना फोटो," बायको म्हणाली. "केवढा गोड दिसतोय."

"नियमात बसत नाही."

"पुस्तकात नसेल बसत. घरात भिंत आहे की नाही आपल्याला?"

"पाय परत येईल का त्याचा?" डॉक्टरांनी बाईंना विचारलं.

"सांगता येत नाही. पण अळ्या पाच पायांवरही चालतात."

व्याह्यांनी उठून गुडघे झटकले. "डॉक्टर, मुखपृष्ठ माझं झालं."

"झालं. अभिनंदन."

"तोंड पाडा की जरा! नाहीतर मी दर रविवारी येतो कशाला?"

"पुढच्या रविवारी या," डॉक्टर म्हणाले. "तोवर सरावाने पाडतो." सुजलेलं बोट त्यांनी नळाखाली धरलं होतं, आणि तोंड काही पडलेलं नव्हतं. दिवसभरात एक काम त्यांनी नीट केलं होतं आणि ते त्यांना पक्कं माहीत होतं.

सून हसली, या वेळी कुणाच्याच बाजूने नाही. मग तिने आकडी सासऱ्यांच्या हातातून अलगद काढून घेतली आणि दवाखान्याच्या बॅगेत टाकली. "बाबा, ही आता तिकडेच राहू दे."

पुस्तिका पंधरा दिवसांनी आली. मुखपृष्ठावर व्याह्यांचा पक्षी पंख झटकत बसला होता. आत किडेबाईंनी अळीची माहिती चारऐवजी सहा ओळी दिली होती, चित्राशिवाय.

तर शेवटी कुणी काय भरलं, ते असं. व्याह्यांची एक विजार मळली, आणि त्या बदल्यात मुखपृष्ठ मिळालं, ते फायद्यातच. बाईंचा नियम शाबूत राहिला, पण कुठेही न पाहिलेला फोटो त्यांना हातचा सोडावा लागला. सुनेचा बोटभर कापूस गेला, आणि आकडी आली. बायकोचं काहीच गेलं नाही, उलट पांढऱ्या गुलाबावरचा मावा आठवड्यात निम्म्यावर आला. डॉक्टरांचं मुखपृष्ठ गेलं, बोट तीन दिवस सुजलं, आणि हे दोन्ही त्यांनी जागच्या जागी, कुरकुर न करता भरलं. पाय गेला तो हमालाचा. आणि या आख्ख्या सौद्यात मिळण्यासारखं काही नव्हतं ते फक्त त्यालाच.